बिल आलं म्हणून उठायचं नसतं

आज कर्जाचे हप्ते नाहीत की वहीतली बेरीज-वजाबाकी नाही. आज बोलायचंय हॉटेलातल्या बिलाबद्दल. हसू नका, ऐका.

मागच्या वर्षी आम्ही सातजणी प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी गेलो. दुपारी एका हॉटेलात राइस प्लेट घेतली, १२० रुपयांची एक. आमच्यातल्या आक्कांनी नुकताच भात कालवला होता. तेवढ्यात वेटरने बडीशेपेची वाटी आणि बिल टेबलावर आणून ठेवलं. आक्कांनी हात आखडता घेतला, भात तसाच टाकून उठल्या. मग आम्हीही उठलो. घाईने पैसे दिले आणि बाहेर आलो. आक्का म्हणाल्या, "आपल्याला उठवलं गं."

तो शब्द मला फार लागला. मी बीए झालेली, गटाची समन्वयक, आणि मीही मुकाट्याने उठले होते.

संध्याकाळी खर्च वहीत लिहायला बसलो, तेव्हा बिल नीट वाचलं. प्लेटा आठ लावलेल्या! वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग जीएसटी. दिले ११०९ रुपये. खरा हिशोब सात प्लेटांचे ८४० आणि ५ टक्के जीएसटीचे ४२, एकूण ८८२. म्हणजे २२७ रुपये जास्त गेले. आमच्या गटात महिन्याची बचत शंभर रुपये आहे. दोघींच्या बचतीपेक्षा जास्त पैसे आम्ही लाजेपायी देऊन आलो.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्यात.

पहिली, बिल आलं म्हणजे "उठा" असं नाही. गर्दीच्या वेळी मालक गल्ल्यावरून घाई करतो, म्हणून वेटर बिल लवकर ठेवतो. त्याच्यावर रागवायचं नाही. सरळ म्हणायचं, "दादा, जेवण चालू आहे, बिल थोड्या वेळाने आणा." पुढच्या खेपेला आक्काच म्हणाल्या. वेटर हसून म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मावशी."

दुसरी, पैसे देण्याआधी बिल वाचायचं. किती प्लेटा, कोणता दर, बेरीज बरोबर का. चूक दिसली तर बोट ठेवून दाखवायची, आवाज चढवायचा नाही. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, आणि तो लावलाय तर बिलावर जीएसटी नंबर हवाच. आपल्या महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो.

तिसरी, सर्व्हिस चार्ज. तो सरकारी कर नाही. हॉटेलने तो आपणहून बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच कायम ठेवलं. तेव्हा "हा काढून द्या" म्हणायचं. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करायचा. वेटरला खुशीने दहा रुपये द्यावेसे वाटले, तर ते वेगळे. ते त्याच्याच हातात द्यावेत.

आणि बिल जपून आणायचं. गटाच्या खर्चाला तोच पुरावा असतो.

आता आपली बाजूही बघा. जेवण झाल्यावर, दारात माणसं ताटकळत उभी असताना, अर्धा तास गप्पा मारत बसणं बरं नाही. आपण बसलो तितका वेळ दुसरा उपाशी.

आमच्या गटाने आता बाजाराच्या दिवशी पिठलं-भाकरीचा स्टॉल सुरू केलाय. तिथे आक्का वाढायला असतात. त्यांचा नियम एकच: "आणखी काही वाढू का?" हे विचारल्याशिवाय आणि समोरच्याने "नको, पोट भरलं" म्हटल्याशिवाय पैशाचा कागद पुढे करायचा नाही.

येत्या बैठकीत प्रत्येकीने एक जुनं बिल आणा. आपण मिळून वाचू. येते मी, नमस्कार!