छावणीचें शहर

शहर कशानें वाढतें असें विचारल्यास बंदर, गिरण्या, आगगाडी अशीं उत्तरें चटकन् सुचतात. माणसें पोटासाठीं आपखुशीनें शहराकडे येतात, ही त्यांमागील समजूत. परंतु येणाऱ्यास परत जाण्यास गांवच उरत नाहीं, तेथें शहराची घडण निराळी होते. ठाणें जिल्ह्यांतील उल्हासनगर हें त्याचें ठळक उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यांत आली होती. १९४७ सालीं फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस तेथील बराकींत आसरा मिळाला. पंजाब व बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र सबंध पाकिस्तानांत गेला. त्यामुळें सिंधी हिंदूंस आपला म्हणावा असा प्रांत भारतांत राहिला नाहीं. एकेका लांब बराकींत आडपडदे लावून अनेक कुटुंबांनीं संसार मांडले. पापड लाटून, फेरी करून चरितार्थ चालविला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली, व उल्हास नदीवरून त्यास नांव मिळालें.

हे लोक ज्या कराचीहून निघाले, तिचेंही रूप त्याच सुमारास पालटलें. भारतांतून गेलेल्या मुसलमान निर्वासितांनीं ती भरून गेली. १९४१ च्या खानेसुमारींत साडेचार लाखांच्या आंत असलेली तिची वस्ती १९५१ मध्यें दहा लाखांवर गेली. एकाच उलथापालथीनें दोन्ही तीरांवर शहरें वाढविलीं.

उल्हासनगरनें व्यापार उभा केला. तेथील कापड, फर्निचर व जीन्सचा बाजार दूरवर ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या पांच लाखांवर होती. तरीही तेथील भागांस लोक अद्याप ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर दोन’ असेंच म्हणतात. तात्पुरत्या निवाऱ्यावर कायमचें शहर चढलें; मजले वाढले, परंतु रस्ते व गटारें त्या मानानें वाढलीं नाहींत. वालधुनी नदी सांडपाण्यानें काळवंडली. परवानगीवांचून झालेलीं बांधकामें नियमित करण्यासाठीं २००६ सालीं खास कायदा करावा लागला.

हा दोष निराश्रितांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. त्यांनीं आपला संसार सावरला. आश्रय देणाऱ्यांनीं मात्र त्यांस चार दिवसांचे पाहुणे मानलें. विस्थापित माणूस बहुधा राहण्यासाठींच आलेला असतो. हें पहिल्या दिवशीं ओळखून पाणी, गटार व जागेचा हक्क यांची तजवीज करणें, हेंच नगररचनेचें पहिलें काम होय.