पंखा बिचारा निर्दोष आहे



आधी एक विनंती. डोक्यावरचा तो पंखा करकरतोय आणि ते सगळं माइकमध्ये येतंय. बंद केलात तर बरं होईल. मे महिना आहे, ठाऊक आहे मला. (हशा)

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे त्यांना ते किमतीसकट पाठ आहे. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात तक्रार एकच येते: गेम लावला की डबा घरघरतो, नवा पंखा बसवून द्या. माझं म्हणणं असं की पंखा बिचारा निर्दोष आहे. उष्णता आपण नको तेवढी तयार करतो आणि ती उपसायचं काम त्याच्या गळ्यात मारतो.

दुखणं जुनंच. २००३ साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं. त्याच्या आवाजावरून लोकांनी त्याला 'डस्टबस्टर' म्हणजे हातातला व्हॅक्यूम क्लीनर ठरवलं, आणि खुद्द कंपनीनं त्यावर थट्टेची चित्रफीत काढली. कार्ड लावलंय पाला उडवायच्या यंत्राला! २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० तर ४५० वॅटचं. हजार वॅटच्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मं.

आता मुद्दा. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. कारखान्यातून निघालेली प्रत्येक चिप सारखी नसते. डाव्यातली डावी चिपही अडखळू नये म्हणून कंपनी सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज देते. वेग तोच ठेवून १.०५ व्होल्टचे ०.९० केलेत, तर चिप चालवायला लागणारी वीज साधारण पाव हिश्शानं उतरते. सगळ्या चिपा ते सोसतील असं नाही. म्हणून थोडं थोडं उतरवायचं, तासभर गेम खेळून बघायचं, अडकला की एक पायरी परत वर.

घरचीच गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत. भाचा शिकायला आमच्याकडे राहिला, कॅबिनेट घेऊन. कार्ड ८४ अंशांवर. मी जाणकार! ब्लोअरनं धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, पंख्याचा वेग चढवला. आकडा ८१. घरात मात्र पिठाची गिरणी. आठ दिवसांनी पेन शोधताना पाहिलं, तर कॅबिनेटवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पितळी गणपती, शेजारी पेनांचा मग. गरम हवा जाते ती वरच्याच जाळीतून! आमच्या हिचा नियम साधा आहे, घरात जे उघडं दिसेल त्याला रुमाल. मिक्सरला आहे, टीव्हीला होता, मोडेमला तर झालरीसकट. (हशा) मी रुमाल उचलला, गणपती शोकेसमध्ये नेला. आकडा ७४. ही म्हणाली, "आणि आता धूळ बसली की?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बसतेच.

काय म्हणालात? यात व्होल्टेज कुठे आलं? बरोबर आहे, नाही आलं. गोष्ट माझ्या मुद्द्याविरुद्ध गेली, मान्य. पण पुढे मी व्होल्टेजही उतरवलं होतं, तो भाग राहून गेला. मागच्या रांगेतल्या आजी म्हणताहेत, गेमच बंद करा. आजी, तुमच्यासमोर माझं काही चालणार नाही. (टाळ्या)

चिठ्ठी आली. तीन मिनिटं. मग पंख्याचं गणित भरभर: वेग वीस टक्के उतरवला की वारा वीस टक्के कमी, आवाज मात्र साधारण पाच डेसिबलनं खाली. सौदा फायद्याचा, पण आधी उष्णता कमी केली असेल तरच. आणि फ्रेमला लगाम घाला. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, कार्ड २०० काढत बसतं. उरलेल्या बहुतेकांचा नुसता घाम. २०१० साली स्टारक्राफ्ट २ हा गेम आला, तेव्हा लढाईत नव्हे, नुसत्या मेनूच्या पडद्यावर काहींची कार्डं तापली होती. तिथे फ्रेमला मर्यादाच नव्हती! गेम काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीला ती घालायचा उपाय सांगावा लागला.

घंटा झाली. थर्मल पेस्ट राहिली, लॅपटॉप राहिला. प्रश्न बाहेर चहापाशी विचारा. घरी गेल्यावर आधी कॅबिनेटच्या डोक्यावर काय ठेवलंय ते बघा. काही सापडलं तर गुपचूप उचला, माझं नाव सांगू नका. आणि आता तो पंखा लावा कुणीतरी.