माहीमच्या चर्चची गोष्ट

आज आपण मुंबईतल्या माहीमच्या सेंट मायकल चर्चची माहिती घेऊ. आपल्यातल्या अनेकींची माणसं मुंबईला कामाला आहेत. बुधवारी माहीमला एवढी गर्दी का, असं त्यांना विचारलं तर ते सांगतील, "आज नोव्हेना आहे."

नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना. इथे 1948 पासून दर बुधवारी मरियम मातेची नोव्हेना होते. मराठी, कोकणी, हिंदीसह अनेक भाषांत प्रार्थना होतात. ख्रिस्ती लोक येतात, तसे इतर धर्मांचेही येतात. कोणी नऊ बुधवारांचा नवस बोलतं. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. घर हवं असेल तर मेणाचं घर, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. आपण देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतो, तसंच हे.

हे चर्च मूळचं 1534 सालचं मानलं जातं. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते उभारलं. आज दिसते ती इमारत मात्र 1973 ची आहे. भिंती बदलल्या, जागा तीच राहिली.

1739 मध्ये मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत शेजारच्या वांद्र्याचं माउंट मेरीचं देऊळ पडलं. तिथली मरियम मातेची प्रतिमा याच चर्चने सांभाळली. 1761 मध्ये ती वांद्र्याला परत गेली.

तेव्हा माहीमहून वांद्र्याला जायचं तर खाडी होडीने ओलांडावी लागे. 1845 मध्ये तिथे पक्का रस्ता झाला. त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले लेडी जमशेटजी या पारशी बाईंनी. अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. चर्चसमोरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे.

या चर्चमध्ये भांडणही झालं. त्या काळी मुंबईच्या कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. एक पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराखालची, गोव्याच्या आर्चबिशपांची. दुसरी पोपने थेट नेमलेल्या बिशपांची. चर्च कोणाचं, यावरून 1853 मध्ये बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत बसले आणि विरोधकांनी बाहेरून वेढा दिला. सुमारे पंधरा दिवस हे चाललं. शेवटी सरकारने दार उघडायला लावलं आणि चर्च गोव्याच्या बाजूच्या धर्मगुरूंकडे गेलं. दोन्ही बाजू एकाच धर्माच्या, एकच प्रार्थना म्हणणाऱ्या. तरी दार बंद झालं, आणि त्या दिवसांत साध्या भाविकाने जायचं कुठे?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याही गावात आहे. आमच्या गटाची बैठक समाजमंदिरात असते. दोन पुढाऱ्यांचं बिनसलं, की कुलूप लागतं आणि चावी कोणाच्या तरी खिशात जाते. मग आम्ही पावसात ओट्यावर बसून बचतीचा हिशेब करतो.

म्हणून आम्ही ठरवलं आहे, येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्यायचा. समाजमंदिराची एक चावी महिला गटाकडे असावी आणि वापराची नोंदवही ठेवावी. ठराव झाला, की त्याची नक्कलही मागून घेणार आहोत. तुमच्या गावात चावी कोणाकडे आहे? पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.