पक्षाचा इतिहास कुणाच्या पेटीत असतो?

एसटीत खिडकीला टेकून ऐकत असाल, अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून ऐकत असाल, नाहीतर रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला रानात गेला असाल, सगळ्यांचं स्वागत.

मागच्या आठवड्यात मी मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न टाकला. आपल्या बीडमधून आजवर लोकसभेत कोण कोण गेलं? पटापट उत्तरं आली. मुंडे साहेब, प्रीतमताई, बजरंग सोनवणे. एकानं केशरकाकू क्षीरसागर सांगितलं, एकानं जयसिंगराव गायकवाड. तिथून मागं कुणी गेलंच नाही.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव एकानंही घेतलं नाही. हो, तेच प्रतिसरकारवाले. गाव येडेमच्छिंद्र, आजचा सांगली जिल्हा. १९६७ साली ते आपल्या बीडचे खासदार झाले, भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून. ग्रुपवर मी हे लिहिलं तर पहिला रिप्लाय आला, "फेक आहे का भावा?"

फेक नाही. पण त्याला हसायचा अधिकार मला नाही. मलाही हे उशिराच कळलं, आणि कळेपर्यंत मी एक घोळ करून बसलो होतो.

आमचं जुनं घर मातीचं, माळवदाचं. ते पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा सामान काढायचं काम माझ्याकडं आलं. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या खोलीत कागदांची दोन पोती निघाली. वाळवी लागलेली, उंदरानं कुरतडलेली. मी रद्दीवाल्याला बोलावलं आणि किलोवर घालून टाकली. संध्याकाळी आबा आले. कोपरा मोकळा बघून म्हणाले, "त्या कागदाचं काय केलास रं?" मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "त्यात पावतीबुकं होती. ती पण गेली?"

आबा पुढारी नव्हते. भिंती रंगवणारे, वर्गणी गोळा करणारे, मोर्चाला दोन जीप भरून माणसं नेणारे कार्यकर्ते. लाल झेंड्याचे. ते गेल्यावर त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी सापडली. सभासदांच्या पावत्यांची अर्धुकं, सायक्लोस्टाइल केलेली परिपत्रकं, 'जीवनमार्ग'चे काही अंक. सगळं १९७४ नंतरचं. त्याच्या आधीचं त्या दोन पोत्यांत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? त्यासाठी थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ ची, तेव्हा बीड हैदराबाद राज्यात होतं. तिथं कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून डाव्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं निवडणूक लढवली. त्या फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे बीडचे पहिले खासदार झाले. पुढची दोन वर्षं, १९५७ आणि १९६२, काँग्रेसची. मग १९६७ ला नाना पाटील.

पण मधे १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला होता. एक भारतीय कम्युनिस्ट पक्ष, दुसरा मार्क्सवादी. नाना पहिल्यात. आणि १९७७ ला बीडमधून निवडून आले गंगाधरअप्पा बुरांडे, ते दुसऱ्यातले, मार्क्सवादी. त्या वर्षी महाराष्ट्रातून त्या पक्षाचे तिघंच खासदार झाले. डहाणूतून लहानू कोम, मुंबईतून अहिल्या रांगणेकर आणि आपल्या बीडचे अप्पा. म्हणजे पहिल्या पंचवीस वर्षांत या जिल्ह्यानं तीनदा डावा खासदार दिला, तिन्ही वेळा वेगळ्या पाटीखाली.

हे सगळं निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत आहे, मोबाइलवर उघडतं. एक टीप देतो. 'बीड' शोधून सापडलं नाही तर 'भीर' शोधा. जुन्या इंग्रजी कागदांत आपलं स्पेलिंग तसं आहे.

पण अहवालात काय मिळतं? उमेदवार, पक्ष, मतं. सांगलीकडचा माणूस बीडमध्ये येऊन उभा राहिला तेव्हा तो कुणाच्या घरी उतरला, भाकरी कुणी बांधून दिली, तालुक्यात सभासद किती होते, त्यात बाया किती होत्या, हे काहीच मिळत नाही. ते असतं पक्षाच्या कागदांत. सभासद नोंदणीत, बैठकीच्या इतिवृत्तात, ठरावांत, पावतीबुकांत. वरच्या पातळीवरचं थोडंफार टिकतं. दिल्लीत जेएनयूमध्ये पी. सी. जोशी यांच्या नावाचं अभिलेखागार आहे, तिथं कम्युनिस्ट चळवळीची कागदपत्रं जपली आहेत. तालुक्याचे कागद मात्र कार्यकर्त्याच्या घरात असतात. आणि घर पाडलं की रद्दीत जातात.

माझा प्रश्न अगदी साधा होता. १९६४ ला पक्ष फुटल्यावर आबा कुठं गेले? १९६७ ला ते नानांच्या प्रचारात होते की नव्हते? त्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारलं. एक म्हणाले, "होता की, माझ्याबरोबर सायकलवर हिंडला." दुसरे म्हणाले, "छे, तो तर आमच्यासोबत कवाच निघून आला होता." दोघंही खोटं बोलणारे नाहीत. दोघंही ऐंशीच्या पुढचे. पावतीवर पक्षाचं नाव आणि तारीख असते. एक पावती मिळाली असती तर निकाल लागला असता. ती पावती मी किलोवर विकली.

आणि हे फक्त जुन्या लोकांचं दुखणं नाही. ताजं घ्या. शिवसेनेच्या वादात प्रश्न आला की पक्षाची घटना कोणती धरायची. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी १९९९ ची घटना धरली, कारण २०१८ ची दुरुस्ती आयोगाच्या नोंदीवर नाही असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाभरात, ६ फेब्रुवारीला, राष्ट्रवादीच्या वादात आयोगाचा निकाल आला. तिथं पक्षसंघटनेत बहुमत कुणाचं, हे दोन्ही बाजूंच्या कागदांवरून खात्रीनं ठरवता येत नाही, असं आयोगानं म्हटलं आणि आमदार-खासदारांच्या संख्येवर निकाल दिला. कोण बरोबर, कोण चूक, तो आजचा विषय नाही. मुद्दा हा की गावोगावचे कार्यकर्ते मोजायची वेळ आली तेव्हा विश्वास ठेवावा असा कागद नव्हता. मग मोजले गेले ते निवडून आलेले. सतरंजी उचलणारा हिशोबातच आला नाही.

म्हणून एक विनंती. पक्ष कुठलाही असू द्या. काँग्रेस, जनसंघ, शेकाप, रिपब्लिकन, समाजवादी, काहीही. घरात आजोबांची, आजीची पेटी असेल तर या सुट्टीत उघडा. कागद उजेडात, सावली न पाडता मोबाइलवर फोटो काढा. फाइलच्या नावात वर्ष आणि गाव लिहा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, त्यानं कागद मरतो. जुन्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहा, ओळखणारं माणूस हयात आहे तोवर. अस्सल कागद कुणालाही देऊन टाकू नका. आणि सभासदांच्या याद्या लगेच नेटवर टाकू नका. त्यातली माणसं, त्यांची पोरं आज दुसऱ्या पक्षात असतील, त्यांना विचारा आधी.

आणि म्हातारं माणूस बोलत असेल तर रेकॉर्डर चालू करा. आमच्या आबांचा आवाज माझ्याकडं फक्त एका लग्नाच्या व्हिडिओत आहे. त्यात ते आचाऱ्याला वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगतायत.

पेटीतल्या कागदांचे मी फोटो काढून झालेत. दोनशे चौदा पानं. पुढच्या भागात त्यातली मोर्च्याची पत्रकं वाचून दाखवतो. तोवर तुमच्या पेटीत काय निघालं ते मला सांगा. भेटू.