टाकीत उतरण्यापूर्वी
(सोलापूर येथील व्याख्यान)



साखर कारखान्यांच्या संख्येत आपला सोलापूर जिल्हा महाराष्ट्रात आघाडीवर आहे. त्या कारखान्यांत मळीच्या टाक्या आहेत, सांडपाण्याचे हौद आहेत. शहरातील रंगाईच्या कारखान्यांतही असेच हौद आहेत. ते साफ करावयाची वेळ आली म्हणजे मुकादम कोणाच्या वस्तीत येतो, हे मी आपणांस सांगावयास नको. आपण धर्म बदलला. मुकादमाने आपली वाट बदललेली नाही.

आंबलेल्या मळीतून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड म्हणून तो तळाशी साचतो. मैल्यातून आणि गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्यास प्रथम कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, परंतु प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी चाल तर सोडूनच द्या. टाकीतील वायू पेट घेतो. मैला नसला म्हणजे धोका नाही, असेही समजू नका. 9 मार्च 2025 रोजी मुंबईत नागपाड्यास एका इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मेले.

1948 च्या कारखाने कायद्याने कलम 36 मध्ये स्पष्ट अट घातली होती: जाणत्या माणसाने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यावा; नाही तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेस पट्टा बांधावा आणि त्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने धरावे. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. वायू मात्र तोच आहे. म्हणून दाखला मागा, दोर मागा. न मिळाल्यास उतरू नका. आणि खाली कोणी कोसळला, तर तो सख्खा भाऊ असला तरी तसेच आत उडी घेऊ नका. बाहेरून दोर ओढा, अग्निशामक दलास बोलवा. एकामागून एक उतरल्याने एकाच घरची दोन-तीन माणसे जातात.

माझ्याकडे एक भगिनी आली होती. पती हौदात गेला. चार दिवसांत कंत्राटदाराने काही हजार रुपये ठेवून तिचा अंगठा घेतला. “साहेब, अंगठा दिला, आता काय उरलं?” असे ती विचारीत होती. हक्क सोडून देणारा असा करार त्या वेळच्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दबातल होता. पण हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

गटार आणि सेप्टिक टँक यांसाठी 2013 चा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरविणे हा त्यात दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. अशा मृत्यूस 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी ठरविले. तेव्हा दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर प्रथम पोलिसांत फिर्याद नोंदवा आणि तिची प्रत घ्या, शवविच्छेदनाचा अहवाल मागा, बरोबरच्या मजुरांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. कंत्राटदाराने पुढे केलेला कागद वाचून घेतल्याविना त्यावर अंगठा उमटवू नका.