क्षय आणि एचआयव्ही : निदानातील दिवसांचे मोल



आम्ही वाणिज्य शाखेचे; आयुष्य जमा-खर्चात गेले. तरीही एक नोंद आम्हास आजही अस्वस्थ करते. एचआयव्हीबाधित एक तरुण महिनाभराच्या तापाने आला. थुंकीत क्षयजंतू दिसले नाहीत, म्हणून आम्ही त्यास घरी पाठविले. तो पुन्हा आला तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टरांनी कारण समजाविले. प्रतिकारशक्ती क्षीण झाली की फुप्फुसात पोकळ्या क्वचित पडतात, थुंकीत जंतू कमी येतात. सूक्ष्मदर्शकाखालचा ‘निगेटिव्ह’ अहवाल फसवा ठरू शकतो. म्हणून खोकला, ताप, वजनातील घट वा रात्रीचा घाम यांपैकी एक लक्षण असले तरी आता सीबीनॅट तपासणी होते. सुमारे दोन तासांत क्षयजंतू आणि त्यांचा रिफाम्पिसिनला असलेला प्रतिरोध, दोन्ही कळतात. प्रथम क्षयाची औषधे सुरू होतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय नसल्यास दोन आठवड्यांच्या आत एआरटी. रिफाम्पिसिनमुळे डोलुटेग्राव्हिरचा प्रभाव घटतो, म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावे लागते.

शासनाकडून औषधे मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही. परंतु प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णावर पडतो, आणि तेथेच उपचार सुटतो. आपली देणगी तेथे खर्ची पडावी, ही नम्र विनंती.

नातेवाइकांस एकच सांगणे : रुग्णाचे ताट वेगळे मांडू नका. क्षय ताटातून पसरत नाही, एचआयव्हीही नाही. औषध मात्र एकही दिवस चुकू देऊ नका.