पहाटे चारचा श्रोता

प्रातःकालीन सभेच्या धसक्याने अर्धं आयुष्य अर्धवट झोपेत काढलेल्या तमाम रेडिओमंडळींसाठी स्वागत समितीने चहा-पोह्यांची सोय मागच्या दालनात केली आहे. रिवाजाप्रमाणे स्वागताध्यक्ष बोलायचे थांबेपर्यंत पातेल्यांवर झाकणं राहतील.

यंदा चर्चेला विषय आहे अमेरिकेतल्या स्पॅनिश रेडिओचा. इतक्या लांबचा विषय कशाला, असं समितीच्या बैठकीत काहींनी विचारलं होतं. त्यांच्यासाठी पेद्रो गोन्झालेसची गोष्ट.

मेक्सिकन क्रांतीतल्या पांचो विलाच्या फौजेत तारेचं काम केलेला हा मेक्सिकन गडी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये रेडिओवर गाऊ लागला. पहाटेच्या वेळेला इंग्रजी केंद्रांकडे जाहिरातदार फिरकत नसत, म्हणून ती वेळ स्वस्तात मिळे. पण शेतात नि कारखान्यात जाणारा मेक्सिकन मजूर नेमका तेव्हाच जागा असे. गोन्झालेसच्या गायकमंडळाचं नावच होतं ‘लॉस माद्रुगादोरेस’, पहाटे उठणारे. पुढे मंदीत मेक्सिकनांना गाड्या भरभरून परत धाडलं जाऊ लागलं, आणि गोन्झालेस त्याविरुद्ध माइकसमोर बोलला. १९३४ साली त्याला बलात्काराच्या खटल्यात शिक्षा झाली. फिर्यादी मुलीने नंतर आपली साक्ष खोटी असल्याचं सांगितलं, तरी तो तुरुंगातच राहिला. १९४० मध्ये त्याची रवानगी मेक्सिकोत झाली. तिथे सरहद्दीला लागून असलेल्या तिहुआनातून तो पुन्हा रेडिओवर आला. लहरींना कुठला आलाय पासपोर्ट!

उधारीच्या वेळेचं हे बिऱ्हाड १९४६ मध्ये स्वतःच्या घरात गेलं. सॅन अँटोनियोत राउल कोर्तेस यांनी केसीओआर हे पूर्ण वेळ स्पॅनिश केंद्र सुरू केलं. २००६ च्या वसंतात तर एदी ‘पिओलिन’ सोतेलो आणि त्याच्यासारख्या निवेदकांनी सकाळच्या थट्टामस्करीतून हाक दिली, मोर्चाला या, पांढरे कपडे घाला, अमेरिकेचा झेंडा हाती घ्या. आणि लॉस एंजेलिसचे रस्ते स्थलांतरितांनी भरून गेले.

मग भवितव्याची काळजी कसली? काळजी नातवंडांची. आज अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश तिथेच जन्मलेले आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना आजीचं स्पॅनिश कळतं, उत्तर मात्र ते इंग्रजीत देतात, आणि गाणी फोनवर ऐकतात. ह्यूस्टनमधलं केएलओएल हे जुनं रॉक केंद्र २००४ मध्ये रेगेटॉन आणि मिश्र भाषेकडे वळलं, ते याच पोरांसाठी. २०२२ मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश माध्यमकंपनीने दहा शहरांतली अठरा केंद्रं सहा कोटी डॉलरना विकली, तीही नव्या लॅटिनो मीडिया नेटवर्कला. म्हणजे गिऱ्हाईक अजून आहे. पण मोटारींमधून एएम रेडिओच काढून टाकण्याकडे काही कंपन्यांचा कल दिसतो, आणि पहाटे कामावर निघालेला माणूस तर मोटारीतच असतो.

स्वागताध्यक्षांना मात्र नातवंडांच्या काळजीहून मोठी वाटते ती दुसरीच उलथापालथ. ‘स्पॅनिश श्रोता’ नावाचा एकसंध प्राणी जाहिरातदारांच्या कागदावरच नांदतो. मायामीत क्यूबन राजकारण तापतं, न्यूयॉर्कला डोमिनिकन बचाता लागतो, लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन बँड. त्यात मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून येणाऱ्या कित्येक शेतमजुरांची मायबोली स्पॅनिश नाहीच, ती मिश्तेक. हे आधी ओळखलं फ्रेस्नोच्या ‘रादिओ बिलिंग्वे’ने. १९८० मध्ये प्रक्षेपण सुरू केलेल्या या केंद्राचे संस्थापक ह्यूगो मोरालेस स्वतः मिश्तेक, बालपण कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबण्यात गेलं, पुढे हार्वर्डला कायदा शिकले. त्यांच्या केंद्रावरून ‘ला ओरा मिश्तेका’ हा कार्यक्रम मिश्तेक आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत चालतो. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांनी वेढलेल्या ऑक्सनार्डमध्ये तर ‘रादिओ इंदिहेना’ हे छोटं केंद्रच मूळनिवासींच्या भाषांसाठी आहे.

दुपारच्या सत्रात याच मुद्द्यावर खडाजंगी व्हावी, अशी समितीची इच्छा आहे: अशा केंद्राला ‘स्पॅनिश रेडिओ’ म्हणायचं की नाही? झाकणं काढायला हरकत नाही.